मांत्रिकाच्या झोळीत काय घालाल?

दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यांच्या घरी चार-पाच पोरं-पोरी टेबलाभोवती बसून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. परभणीत असोत, सेलूत असोत की गंगाखेडला. त्यातही जो कोणी खेळ चालवतो, ज्याला ही मंडळी 'डीएम' म्हणतात, त्याच्याशी मला थेट बोलायचं आहे. विषय एवढाच की खेळातल्या मांत्रिकाला जादूच्या वस्तू कोणत्या द्यायच्या, किती द्यायच्या आणि कुठून आणायच्या.

ज्या आईवडिलांना हा खेळ माहीत नाही, त्यांना दोन ओळींत सांगतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी तलवारबहाद्दर, कोणी चोर, कोणी मांत्रिक. "समोर पडकी गढी आहे, दरवाजा आतून बंद आहे, काय करता?" असं डीएम विचारतो. खेळाडू आपला बेत सांगतात, आणि तो जमला की फसला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापून आला. त्यात पैसा लागत नाही, पैज नसते. फासा नसेल तर वाटीत 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या तरी भागतं, आणि लाइट गेली तर मेणबत्तीवरही चालतं. मोबाइल बाजूला ठेवून लेकरं तीन-तीन तास एकमेकांच्या तोंडाकडे बघत बोलत बसतात, हे आजकाल दुर्मीळ आहे. त्यांना खेळू द्या.

आता डीएम मंडळींकडे वळतो. नवा डीएम हौशी असतो. पहिल्याच गुहेत तो मांत्रिकाला अग्निगोळ्याची काठी देतो, दुसऱ्या गुहेत उडायचा झगा, तिसऱ्यात अदृश्य करणारी अंगठी. मांत्रिकाच्या खेळाडूचा चेहरा फुलतो, म्हणून डीएमही खूश. पण पुढच्या डावाला काय होतं ते बघा. कुलूप आलं, मांत्रिकाने उघडलं. नदी आली, मांत्रिकाने सगळ्यांना उडवत पलीकडे नेलं. शत्रू आला, मांत्रिकाने जाळला. जी मुलगी चोराचं पात्र घेऊन बसली आहे, जिने कुलपं उघडायची हत्यारं कागदावर हौसेने लिहून ठेवली आहेत, ती तासभर नुसती ऐकत बसते आणि चौथ्या डावाला येतच नाही. मांत्रिकाकडे मुळातच इतरांपेक्षा जास्त वाटा असतात. त्याच्या झोळीत वस्तू भरताना हात आखडता घ्यावा लागतो तो यासाठी. कंजूषपणा करा असं मी म्हणत नाही. एक द्या, पण अशी द्या की ती वापरायच्या आधी त्याने दहादा विचार केला पाहिजे.

नियम करणाऱ्यांनाही हे कळलेलं आहे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत एका पात्राला एका वेळी तीनच अशा वस्तूंशी जोडून घेता येतं, ज्यांना आधी आपलंसं करावं लागतं. जादूचे बाण सोडणारी जी काठी आहे, तिच्यात सातच वार असतात. रोज पहाटे त्यातले काही परत भरतात. पण हावरटपणे शेवटचाही वार वापरला तर फासा टाकायचा, आणि एक पडला तर काठीची राख होते. मला हा नियम फार आवडतो. तो टेबलावर नीट दिसावा म्हणून एक करा: काठी ज्याच्याकडे आहे त्याच्यासमोर वाटीत सात चिंचोके ठेवा. एक वार केला की एक चिंचोका त्याने स्वतःच्या हाताने उचलून डीएमला द्यायचा. वाटीत दोन उरले की टेबलावरचं बोलणं आपोआप खाली येतं. शेवटचा चिंचोका उचलताना मुलाचा हात थबकतो, बाकीचे "नको, नको" म्हणायला लागतात. कागदावर पेन्सिलीने खोडलेल्या आकड्यात ती मजा नाही.

पण पुस्तकातल्या सगळ्याच वस्तू अशा नाहीत. मांत्रिकाच्या कितीतरी वस्तू नुसत्या बेरजेच्या आहेत: ही काठी घेतली की मंत्राला एक जादा, ही घेतली की दोन. बेरीज उपयोगी असते, पण ती कोणाला आठवत नाही. वर्षभराने मुलांना विचारा, ती "अधिक दोनची काठी" सांगणार नाहीत. जिच्यामुळे काहीतरी बिघडलं किंवा जिच्यासाठी काहीतरी सोडावं लागलं, तीच वस्तू त्यांच्या लक्षात राहते. अशा वस्तू शोधायला आपल्याला लांब जायची गरज नाही.

श्रावणात ज्यांच्या घरी नवनाथांचं पारायण होतं, त्यांनी अशा वस्तूंच्या गोष्टी लहानपणीच ऐकलेल्या असतात. धुंडिसुत मालू यांचा 'नवनाथ भक्तिसार' शके 1741 चा, म्हणजे 1819 सालचा, चाळीस अध्यायांचा. भक्तीचा ग्रंथ म्हणून तो घरोघर वाचला जातो आणि तसाच वाचला जावा. पण गोष्ट सांगणाऱ्याने तो एकदा वेगळ्या नजरेने वाचून बघावा. मंत्र, अस्त्रं आणि चिमूटभर भस्म यांवर एवढी मोठी कथा उभी आहे, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला काहीतरी वळण आहे.

भस्माचंच घ्या. मच्छिंद्रनाथ एका निपुत्रिक बाईला भस्म देतात. ती शेजारणींच्या बोलण्याला घाबरते आणि ते उकिरड्यावर टाकून देते. बारा वर्षांनी नाथ परत येऊन विचारतात तेव्हा त्याच उकिरड्यातून गोरक्षनाथ उठून उभे राहतात. डीएम म्हणून यातलं काय घेण्यासारखं आहे? वस्तू फेकून दिली तरी तिचं काम थांबत नाही. तुमच्या खेळात मांत्रिकाला मंतरलेल्या राखेची पुरचुंडी द्या. ती आहे कशाची, हे त्याला सांगू नका. तो वैतागून एखाद्या गावाच्या वेशीबाहेर ती टाकून देईल. तुमच्या वहीत तारीख लिहून ठेवा. पाच-सहा डावांनंतर मंडळी त्याच गावावरून जाऊ द्या, आणि वेशीपाशी एक मुलगा त्यांची वाट बघत उभा असू द्या, जो मांत्रिकाला नावाने हाक मारतो. पुढचं तुम्हाला सुचेल.

दुसरी गोष्ट गहिनीनाथांची. गोरक्ष संजीवनी मंत्र घोकत बसलेले असतात. गावची पोरं चिखलाची गाडी करून खेळत असतात. गाडीला गाडीवान हवा म्हणून ती गोरक्षांच्या मागे लागतात. ते तोंडाने मंत्र म्हणता म्हणता हाताने चिखलाचा पुतळा करतात आणि पुतळ्यात जीव येतो. खेळणाऱ्या पोरांनी हट्ट केला म्हणून एक माणूस जन्माला आला! एवढा सुंदर प्रसंग असताना मांत्रिकासाठी दगडी राक्षस बाहेरून आयात करायचं कारण काय? ओल्या मातीचा एक गोळा वस्तू म्हणून द्या. मांत्रिक दुसरा कुठलाही मंत्र म्हणत असताना त्याचे हात ज्याचा आकार करतील, ते जिवंत होईल. आणि एकदा जिवंत झालं की ते कोणाच्या मालकीचं नाही, त्याला सांभाळावं लागेल, खाऊ घालावं लागेल. खेळाडूंनी ती गोष्ट ऐकलेली असेल तर त्यांच्या डोळ्यांत ओळख दिसेल. ऐकलेली नसेल तर घरी जाऊन आजीला विचारतील, तेही चांगलंच.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात कामाची, सोन्याच्या विटेची. स्त्रीराज्यातून परतताना मच्छिंद्रनाथांच्या झोळीत सोन्याची वीट असते. वाटेत ते सारखे विचारत राहतात, पुढे रस्त्याला काही भय आहे का? ज्या गुरूला कधी कशाची भीती वाटली नाही तो आज का घाबरतो, हे गोरक्षांना कळेना. झोळी उघडून बघतात तर वीट. ते वीट फेकून देतात आणि तिच्या जागी दगड भरतात. गुरू रागावतात तेव्हा गर्भगिरीचा आख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवतात.

ही वीट जशीच्या तशी खेळात आणा. डी अँड डीत मांत्रिकाचे खर्च झालेले मंत्र रात्रीची पूर्ण झोप झाली की परत भरतात. सगळं गणित त्या झोपेवर बेतलेलं आहे. अशी एक वस्तू द्या जी जवळ असली की प्रत्येक मंत्र दुप्पट जोराने लागतो, पण ती उशाशी असताना झोप लागत नाही. रात्रभर पावलं वाजल्यासारखी वाटतात, कोणीतरी वीट न्यायला आलंय. म्हणजे आज रात्री विटेजवळ जागत बसायचं की ती दुसऱ्याच्या हवाली करून झोपायचं? आणि दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या? चोराच्या? ज्या मुलीला कुलपं उघडायला मिळत नव्हती, तिच्याकडे आता सगळे बघताहेत. सोन्याची सुरी म्हणून कोणी उरात मारून घेत नाही, हे मांत्रिकाला स्वतःच्या अनुभवाने कळेल, तुम्हाला सांगायची गरज पडणार नाही. एका वस्तूवर तीन-चार डाव निघतात.

राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात, ही आणखी एक. पाश्चात्त्य खेळातला मेलेला जादूगार आपला जीव डबीत लपवतो. आपला पोपटात लपवतो, आणि पोपट उडून जाऊ शकतो, आजारी पडू शकतो, बोलू शकतो. मला विचाराल तर पोपट कधीही सरस.

इथे एक पथ्य पाळा. नाथ हे लोकांचे दैवत आहेत. गंगाखेड जनाबाईंचं आहे, नर्सी नामदेवांची आहे. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळी होईपर्यंत नर्सी आणि औंढा नागनाथही परभणी जिल्ह्यातच होते. ही नावं, त्यांच्या मूर्ती, समाध्या, पीर-दर्गे टेबलावर आणू नका. वस्तूचं चलन घ्या, वळण घ्या. नाव आणि गाव तुमचं नवीन रचा. "गोरक्षनाथांचं भस्म, अधिक तीन" असं कार्डावर लिहिलेलं कोणाच्या आजोबांनी वाचलं तर त्यांना लागेल, आणि लागणं बरोबरच आहे. जागा मात्र खुशाल खऱ्यांसारख्या करा. सेलू तालुक्यातली वालूरची चक्राकार बारव, चारठाण्याची जुनी देवळं, मुद्‌गलला गोदावरीच्या पात्रात उभं असलेलं मंदिर हे एकदा जाऊन बघा, पायऱ्या मोजा, सावली कुठे पडते ते लक्षात ठेवा, आणि मग आपल्या कल्पनेतली बारव बांधा. जगात जर्मनी, भारतात परभणी असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांच्या खेळात सगळ्या गुहा युरोपातल्या असाव्यात, हे मला पटत नाही.

आता जे लिहिणार आहे ते हलकं नाही, पण परभणी जिल्ह्यात बसून जादूच्या वस्तूंबद्दल लिहायचं आणि मानवतबद्दल गप्प बसायचं, हे मला जमणार नाही.

1972 ते 1974 या काळात मानवतमध्ये लहान मुलींचे आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं यासाठी पिंपळावरच्या मुंजाला रक्त द्यायचं, असा प्रकार तपासात पुढे आला. रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याने तो तपास केला. 2024 साली त्यावर वेबसिरीज आली, त्यामुळे आताच्या मुलांनाही मानवतचं नाव त्या संदर्भात माहीत झालं आहे. बघा, ज्या 1974 साली तिकडे टेबलावरच्या जादूचं पहिलं पुस्तक छापलं गेलं, त्याच सुमारास आपल्याकडे जादू खरी मानून माणसं मारली जात होती. या दोन जादूंमधला फरक मुलांना नीट कळला पाहिजे, आणि तो सांगायची जबाबदारी डीएमची आहे.

टेबलावरच्या जादूत सगळ्यांना ठाऊक असतं की हे खोटं आहे. नियम छापलेले असतात, कोणीही उघडून बघू शकतो. मंत्र लागला नाही तर फासा कमी पडला, एवढंच कारण; बळी कमी पडला, श्रद्धा कमी पडली असं कोणी म्हणत नाही. भोंदू बाबाचा धंदा नेमका उलटा चालतो. त्याचे नियम त्याच्याच मुठीत असतात, आणि काम झालं नाही की दोष तुमचा. ज्या मुलाने दोन वर्षं काठीचे चिंचोके मोजले आहेत, त्याच्यासमोर उद्या कोणी हजारो रुपयांची मंतरलेली अंगठी धरली तर तो पहिला प्रश्न विचारेल, ही चालते कशी आणि चालली नाही तर काय? हा प्रश्न विचारायची सवय लागली तर मी या खेळाला धन्यवाद देईन.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमच्या खेळात कोणतीही वस्तू माणसाच्या रक्तावर चालू देऊ नका. पाश्चात्त्य पुस्तकांत रक्त पिणारे सुरे आणि बळी मागणाऱ्या वेद्या असतात, तिकडे ते करमणुकीत खपतं. इथे तुमच्या टेबलावर बसलेल्या मुलीची आजी मानवतची असू शकते, आणि त्या दिवसांत अंधार पडल्यावर लेकरांना अंगणात सोडत नसत हे तिच्या घरात अजून कोणाला आठवत असू शकतं. मानवत प्रकरणावर कथानक तर अजिबात रचू नका. गुप्तधन ठेवायचं तर ठेवा, पण त्याची चावी कोडं असू द्या, मेहनत असू द्या, विटेसारखी झोप असू द्या. मांत्रिकाने स्वतःचं काहीतरी सोडावं. दुसऱ्याचं घेऊन जादू चालता कामा नये. माझ्या लेखी हा नियम तीन वस्तूंच्या मर्यादेपेक्षाही मोठा आहे.

दुसरं, खेळाची सजावट. वातावरण यावं म्हणून टेबलावर टाचण्या टोचलेलं लिंबू, काळी बाहुली, हळद-कुंकवाचं रिंगण असलं काही मांडू नका. तुम्हाला ती गंमत वाटेल, पण खेळ संपल्यावर ते लिंबू बाहेर फेकलं गेलं आणि शेजाऱ्याच्या दारात दिसलं, तर करणी केली म्हणून गल्लीत भांडण उभं राहायला वेळ लागत नाही. अशा संशयावरून आपल्याकडे माणसांना मारहाण झालेली आहे. चिंचोके, कवड्या, खडे, रंगीत काचा, जुनी किल्ली, सुकलेला दोडका एवढ्यात पुरेपूर वातावरण येतं.

आणि पालकांना सांगताना कायद्याचंही सांगा. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा केला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं, गुप्तधनाच्या नावाखाली अमानुष कृत्यं करणं याला त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. गोष्ट सांगणं आणि खेळणं याला त्यात कुठेही मनाई नाही. कोणी "ही पोरं जादूटोणा करतात" म्हणालं तर त्याला हाताला धरून एक डाव बसवा. अर्ध्या तासात तोच विचारायला लागेल की माझं पात्र कुठलं.

आता वस्तू प्रत्यक्ष कशी बनवायची ते. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापा, पत्त्याएवढ्या. एका कार्डावर एक वस्तू. वर नाव मराठीत. खाली ती काय करते हे एका वाक्यात. दोन वाक्यं लागली तर वस्तू गुंतागुंतीची झाली असं समजा. त्याखाली ठळक अक्षरात तिची किंमत: ती वापरल्यावर मांत्रिकाचं काय जातं. झोप जाते, आवाज जातो, उद्याची आठवण जाते, सावली जाते. किंमत सुचत नसेल तर ते कार्ड अजून खेळाडूला देऊ नका, तुमच्या डब्यात राहू द्या. कार्डाच्या मागे फक्त तुमच्यासाठी एक ओळ, जी खेळाडूला दिसणार नाही: ही वस्तू आधी कोणाची होती. मांत्रिकाला कार्ड हातात द्या, वाचू द्या, स्वतःजवळ ठेवू द्या. वस्तू चोरीला गेली तर कार्ड खरंच दुसऱ्याच्या हातात जाऊ द्या. आणि प्रत्येक वस्तू सापडेल तेव्हा स्वतःला विचारा की टेबलावरच्या बाकी कोणाच्या मदतीशिवाय ती वापरता येते का. येत असेल तर किमतीत तसा बदल करा की येणार नाही.

शेवटचं काम एकट्याचं नाही, त्यासाठीच हे आवाहन करतो आहे. 27 जानेवारी 2023 ला या खेळाच्या प्रकाशकाने, विझर्ड्‌स ऑफ द कोस्टने, पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली मोकळे केले. त्यात ती सात वारांची काठी आहे, दिवसातून एकदा खर्च झालेला मंत्र परत देणारा मोती आहे, पाचशे पौंड सामान पोटात घेणारी पिशवी आहे. मूळ श्रेय दिलं तर या मजकुराचं कोणीही, कोणत्याही भाषेत भाषांतर करू शकतं, छापू शकतं, वाटू शकतं, कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. नववीतल्या मुलाला इंग्रजी अडतं म्हणून त्याने खेळाबाहेर राहावं, याला आता काही कारण उरलेलं नाही. जादूच्या वस्तूंच्या भागापासून सुरुवात करा, कारण त्या सुट्या-सुट्या आहेत आणि वाटून घेता येतात. शाळेतल्या मराठीच्या बाईंना किंवा सरांना शुद्धलेखन बघायला सांगा. पाच जणांनी आठवड्याला प्रत्येकी दोन वस्तू केल्या तरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वापरण्याजोगी मराठी वही तयार होते. झेरॉक्स काढून शाळेच्या, गावच्या वाचनालयात एकेक प्रत ठेवा, मागची पानं कोरी सोडा म्हणजे तुमची वीट, तुमची राख, तुमचा मातीचा गोळा त्यात लिहिता येईल. आणि पहिल्या पानावर परवान्याची ओळ तेवढी न विसरता छापा.